नाइमेखनची कॅसेट

नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरातून आणलेली तुरिया या तिथल्याच ब्लॅक मेटल (कर्कश, अंधारी मेटल) बँडची कॅसेट आज सुट्टी म्हणून दुपारभर ऐकली. एक गिटार, ड्रम आणि जीव तोडून ओरडणारा आवाज. बास गिटार नाहीच, तरी खोली भरून गेली!

त्यांचं लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी संस्था, हेरेसिस नोव्हिओमागी. नोव्हिओमागुस हे या शहराचं रोमन काळातलं नाव, म्हणजे लेबल झालं 'नाइमेखनचं पाखंड'. लेबल कसलं, मित्रांचा गोतावळाच. तीच माणसं सोलर टेम्पल, लुबर्ट दास या बँडमध्येही वाजवतात. नावाऐवजी नुसती आद्याक्षरं लावतात. मला हे फार भावतं.

संध्याकाळी फ्लॉइस्टरार्स हा दुसरा डच बँड लावला. अर्थ 'कुजबुजणारे', गाणी डचमध्ये. इथे येऊन चार वर्षं झाली. आज पहिल्यांदा एक अख्खी ओळ शब्दकोशाशिवाय कळली. डोळ्यांत पाणीच आलं.