शंभर टक्के दाखवत दाखवत बॅटरी मेली: चंद्रताल, दोन रात्री आणि एक खोटारडा मीटर

पहाटे चारला जाग आली ती थंडीने. बारा व्होल्टचं ब्लँकेट गार पडलं होतं, टेंटमधला दिवा लागेना, बाहेर जाऊन गाडीची डिकी उघडली तर फ्रिजपण बंद. (हो, स्पितीत फ्रिज कशाला नेला हे मला आता कोणी विचारू नका, बायकोने रोज विचारून झालंय.) आणि झोपायच्या आधी मेहुणा मीटर बघून काय म्हणाला होता, तर "दाजी, शंभर टक्के दाखवतोय की, बिनधास्त झोपा."

तर चंद्रतालचा (हिमाचलातलं उंचावरचं तळं) हा वृत्तांत सीनरीचा नाही. पुणे ते मनाली चार दिवस मस्त गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सामान असं होतं: १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) बॅटरी, दुकानदाराने "लिथियमचाच आहे साहेब" म्हणून दिलेला घरच्या लाइटवरचा चार्जर, टक्के दाखवणारा छोटा गोल मीटर, आणि गाडी चालू असताना चार्जिंग व्हावं म्हणून एक रिले (गाडीची बॅटरी आणि ही बॅटरी जोडणारा, आपोआप चालू-बंद होणारा स्विच). बॅटरी सोडली तर बाकी तिन्ही वस्तू चुकीच्या निघाल्या. मी विकत घेताना तासभर मान डोलवत होतो, त्यामुळे निम्मा दोष माझा.

आधी मीटर, कारण खरा राग त्याच्यावर आहे. तो व्होल्टेज मोजतो आणि लेड ॲसिडच्या (गाडीत असते त्या नेहमीच्या बॅटरीच्या) हिशोबाने टक्के दाखवतो, म्हणजे १२.७ च्या वर काहीही असलं की शंभर. आता एलएफपी बॅटरी निम्मी संपली तरी १३.१ च्या आसपास असते, आणि १२.८ ला येते तेव्हा तिच्यात जेमतेम वीस टक्के उरलेले असतात. म्हणजे हा मीटर ऐंशी टक्के बॅटरी संपेपर्यंत छातीठोकपणे शंभरच दाखवणार! बरं लिथियमचा तक्ता टाकलेला मीटर घेतला तरी फार फरक नाही, कारण मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, त्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडा पडतो, बंद झाला की चढतो. व्होल्टेजवरून लिथियमचे टक्के सांगणारा मीटर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता रिले. मनालीहून अटल टनेल, कोकसर, ग्रांफू आणि मग तो रस्ता. ग्रांफू ते बाताल साधारण पन्नास किलोमीटर, त्याला रस्ता म्हणणं म्हणजे नदीच्या गोट्यांना रस्ता म्हणणं. छत्रूनंतर दर दहा मिनिटांनी काहीतरी खाली आपटत होतं, नाल्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुपारनंतर बर्फ वितळून ते पाणी वाढतं हे माहीत असूनही आम्ही मनालीत आलू पराठे खात बसल्यामुळे नेमके दुपारीच तिथे. मी मनात म्हणत होतो, चला, एवढे तास इंजिन चालू आहे, बॅटरी तरी टम्म भरेल. काही भरली नाही. आजकालच्या बऱ्याच बीएस ६ गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनरेटर) स्मार्ट असतो, गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवतो. लिथियम त्याच्याहून वर, मग करंट येणार कुठून. उलट रिलेला लिथियमचंच १३ च्या वर व्होल्टेज दिसतंय म्हणून तो चालूच, आणि आमचीच बॅटरी गाडीला पाजत होती. हे मला परत आल्यावर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावला तेव्हा कळलं, तोपर्यंत मी गाडीला शिव्या देत होतो.

त्याच रस्त्याने अजून एक केलं. हादऱ्यांनी बॅटरीच्या पॉझिटिव्हचा नट ढिला झाला आणि थिंबलजवळचं (वायरीच्या टोकाची धातूची कडी) इन्सुलेशन वितळलं. स्प्रिंग वॉशर टाका आणि बातालला चहाला थांबाल तेव्हा पाना घेऊन टर्मिनल तपासा. खरंच तपासा.

चंद्रतालला तळ्याच्या काठावर टेंट लावायला बंदी आहे, कॅम्पसाइट दोनेक किलोमीटर अलीकडे आहेत, आम्ही तिथे जागेचे पैसे देऊन आपला टेंट लावला. उंची ४,२०० मीटरच्या वर, सप्टेंबर संपत आलेला. पहिली रात्र निघाली, दुसऱ्या रात्री वर सांगितलं ते झालं. सकाळी गाडी चालू केली तरी चार्जिंग शून्य, कारण बॅटरी इतकी उतरली की आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणारं सर्किट) ती बंदच करून टाकली होती, टर्मिनलवर व्होल्टेजच नाही. रिलेला वाटतं पलीकडे काही नाहीच. शेवटी जंपर केबलने गाडीच्या बॅटरीला जोडून तिला जागं केलं, तरी ती चार्ज घेईना! हे मात्र बॅटरीने बरोबर केलं. शून्य डिग्रीच्या खाली लिथियम चार्ज केली तर आत धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते, म्हणून चांगला बीएमएस चार्जिंग तोडतो. वापरायला चालते, उणे वीसपर्यंतसुद्धा, पण भरायला नाही. मग बारा किलोचं ते धूड मेहुण्याने पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलं आणि हीटर लावून आम्ही दीड तास डिझेल जाळत बसलो. तोवर फोन कॅम्पवाल्याच्या जनरेटरवर, फोनमागे तीनशे रुपये. ओव्हरचार्जिंग म्हणतात ते हेच.

काझाला होमस्टेमध्ये लाइट मिळाला तर चार्जरने तमाशा केला. त्यात "रिपेअर" नावाचा मोड, जो लेड ॲसिडसाठी असतो आणि व्होल्टेज पंधराच्या वर नेतो. बीएमएस ट्रिप, चार्जर परत सुरू, परत ट्रिप, रात्रभर टकटक. लिथियमचं स्टिकर वरून चिकटवलेलं होतं, नखाने निघालं.

आता जाणाऱ्यांनी काय घ्यायचं ते. गाडीतून चार्ज करायला रिले नको, डीसी-डीसी चार्जर घ्या, एलएफपी प्रोफाइलचा, १४.२ ते १४.६ मध्ये थांबणारा. तो अल्टरनेटर १२.५ वर असला तरी स्वतः व्होल्टेज वाढवून भरतो, आणि लिथियम अल्टरनेटरमधून वाटेल तेवढा करंट ओढून त्याला तापवते तेही थांबतं. १०० एएचला २० अँपिअर पुष्कळ झाला, पहाडात चार तास तर सहज गाडी चालते, ऐंशी एएच आत. तीसचा घ्याल तर वायर जाड, खर्च जास्त, उपयोग फार नाही. वायरमन २.५ स्क्वेअर एमएम ओढून देतो म्हणेल, त्याला नाही म्हणा. पाच मीटर जाऊन-येऊन दहा मीटर, त्यात २० अँपिअरला १.४ व्होल्ट वायरीतच जातात, १० स्क्वेअर एमएमला फक्त ०.३५. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ. चार्जर बॉनेटखाली बसवू नका, तापला की करंट कमी करतो.

घरच्या लाइटवरचा चार्जर साधा १० अँपिअरचा घ्या, ज्यावर एकही मोडचं बटण नाही असा. आणि दुकानात उभं राहून विचारा की बॅटरी पूर्ण बंद पडली असेल तर हा तिला उठवतो का. दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान.

मॉनिटर शंटचाच. मी व्हिक्ट्रॉनचा स्मार्टशंट घेतला, महाग आहे, पण पैसे वाचवायचे तर बाकी कशातही वाचवा, इथे नको. शंट निगेटिव्हवर बसतो आणि आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. बॅटरीच्या निगेटिव्हला शंटशिवाय दुसरी एकही वायर नको, माझ्या वायरमनने फ्रिजची थेट बॅटरीला जोडली होती, तो करंट मग मोजलाच जात नव्हता. ॲपमध्ये क्षमता, चार्ज्ड व्होल्टेज १४.२ आणि प्यूकर्ट (जास्त करंट ओढला की बॅटरी किती लवकर संपते त्याचा आकडा) १.०५ टाका, नाहीतर तो लेड ॲसिडच्याच हिशोबाने चालेल. आणि मधूनमधून पूर्ण भरून शंभरवर येऊ द्या, नाहीतर हिशोब हळूहळू सरकतो. पहिल्याच दिवशी कळलं की दोन ब्लँकेट मिळून आठ अँपिअर खातात. चंद्रतालला हे माहीत असतं तर एकच लावलं असतं, आणि ते कोणाला मिळालं असतं हे सांगायला नको.

सोलरचं थोडक्यात: घडीचा १०० वॉटचा पॅनल बरा, पण चार्ज कंट्रोलरच्या स्वस्तातल्या डबीवर एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) छापलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा पीडब्ल्यूएमच (साधा प्रकार) असतं, वजनावरून कळतं.

डिसेंबरात हे सगळं घेऊन भंडारदऱ्याला दोन रात्री राहिलो, काही झालं नाही. जुना गोल मीटर मेहुण्याने त्याच्या स्कूटरला लावलाय. तिथे लेड ॲसिड बॅटरी आहे, तिथे तो अगदी खरं बोलतो.