दुखत होता खांदा, फाटली होती प्लीहा

पसरणी घाट उतरून वाईच्या अलीकडे आलो आणि गाडीला कुत्रं आडवं आलं. पडताना हँडल डाव्या बरगडीखाली रुतलं. उठलो, कपडे झटकले, टपरीवर चहा घेतला. बाहेरून दिसायला तळहाताएवढा निळा डाग, बस्स.

रात्री आडवा झालो की डावा खांदा ठणकायचा. उठून बसलं की कमी. आई म्हणाली, "अरे, मुरगळला असेल," आणि हळद-तेल चोळलं. पहाटे घाम फुटला, गरगरायला लागलं, तेव्हा शेजाऱ्याने गाडी काढली.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमनी खांद्याला हातसुद्धा लावला नाही, थेट पोट दाबलं. मी "खांदा, खांदा" करत होतो. पोटात रक्त साचून पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, कारण दोन्हींच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. हे नंतर कळलं. खाटेवरच सोनोग्राफी केली. चारच जागा बघितल्या: हृदयाभोवती, यकृताशेजारी, प्लीहेशेजारी (डाव्या बरगड्यांखालचा अवयव), ओटीपोटात. प्लीहेच्या कडेला एक काळी पट्टी दिसत होती. "हे रक्त," मॅडम म्हणाल्या.

मग क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी बघून कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध सोडून केलेला सीटी. टेक्निशियनने आधीच सांगून ठेवलं, "दादा, अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही, घाबरू नका." अगदी तसंच झालं. तरी मी हळूच हात लावून खात्री केली. प्लीहेला दोन सेंटिमीटरची चीर, ग्रेड २. औषध कुठून बाहेर झिरपताना दिसत नव्हतं, बीपीही टिकून होतं, म्हणून ऑपरेशन टळलं. पाच दिवस पडून राहायचं, दर सहा तासांनी हिमोग्लोबिन.

सहाव्या आठवड्यात नवीनच सुरू झालं. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीतून करंगळीपर्यंत कळ, आणि पायाची बाहेरची कड बधिर. एकदा स्लीपर पायातून सुटून दारातच राहिली आणि मी तसाच अंगण ओलांडून गेलो. मागून बायकोने हाक मारली तेव्हा कळलं.

"सीटी झालाय ना, त्यात नाही का दिसलं?" मी हाडांच्या डॉक्टरांना जरा चिडूनच विचारलं. ते म्हणाले, तो पोटासाठी होता, त्यात हाडं ठीक दिसली. नस दबलीय का ते बघायला एमआरआयच लागतो. पण त्याआधी त्यांनी हातोडीने दोन्ही घोटे ठोकून बघितले. उजवा पाऊल उडवायचा, डावा ढिम्म. चवड्यावर उभं राहायला सांगितलं, तर डावी टाच उचलेना. चिठ्ठीवर त्यांनी तेव्हाच 'डावी एस-१' लिहिलं होतं, म्हणजे कण्याच्या तळाकडून डाव्या पायात जाणारी नस.

एमआरआयला अंगावरचं सगळं धातूचं काढायचं होतं. करगोट्यातली चांदीची पेटी मी विसरलो होतो, तो दारातच कापावा लागला. आत पंचवीस मिनिटं पत्र्याच्या शेडवर कुणी घण घालतंय असा आवाज.

रिपोर्टमध्ये मणक्यांमधल्या तीन चकत्या सरकल्याचं वाचून माझे पायच गळाले. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. वरच्या चकत्या पाणीदार, पांढुरक्या. सगळ्यात खालची सुकून काळी पडलेली, तिचा फुगवटा डाव्या नसेवर टेकलेला. "ही एकच पायाशी जुळते. बाकीच्या दोन विसरा, काही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही असं दिसतं." रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन करावे', म्हणजे पेशंटच्या तपासणीशी ताडून बघावे, अशी ओळ होती, ती मला रेडिओलॉजिस्टने हात झटकल्यासारखी वाटली होती. तिचा अर्थ हा होता.

हे अपघातानेच झालं का, हेही विचारलं. "चकती कधी सरकली ते फोटोत लिहिलेलं नसतं."

लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा पाय आणखी लुळा पडला तर त्याच रात्री या, अशी ताकीद आहे. तोवर गोळ्या आणि फिजिओथेरपी. टाच आता थोडी उचलते. स्लीपर मात्र सोडली, मागे पट्टा असलेली सँडल घालतो.