नवतपा, कूलर आणि शेजाऱ्याच्या खिडकीतली गरम हवा

विज्ञानाच्या प्रगतीने समाजाचं भलंच होतं का, हा शाळेतल्या निबंधाचा विषय. उत्तरात अणुबॉम्ब आणि मोबाइल ठरलेले. नागपुरात हा प्रश्न नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, विचारावा आणि एकच यंत्र समोर ठेवावं: घर थंड करणारं.

मे महिन्याच्या दुपारी पारा 45 अंशांवर आणि हवेतली आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली, की ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक साधारण 24 अंश दाखवतो. नुसतं पाण्याची वाफ करून हवा त्याखाली नेता येत नाही. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तुसाच्या, ताट्या नीट भिजत असतील तर 45 ते 24 या 21 अंशांपैकी पाऊण हिस्सा कूलर मिळवून देतो. म्हणजे खोलीत 29-30 अंशांची हवा येते, तीही पंखा आणि पंप मिळून 200 वॅटच्या आसपास. एवढ्या थोड्या विजेत एवढं काम करणारं यंत्र घरात दुसरं नाही. जुलैत हवा आधीच ओलसर असते, तेव्हा हाच कूलर फक्त चिकचिक वाढवतो.

किंमत पाण्यात मोजावी लागते. तासाला 3000 घनमीटर हवा फेकणारा मोठा लोखंडी कूलर भर दुपारी तासाला 20 लिटरच्या आसपास पाणी उडवतो. पाच तासांत 100 लिटर. ज्या वस्तीत टँकरची वाट पाहतात तिथे हा हिशेब हलका नाही. पाणी उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. बोअरच्या जड पाण्यावर हनीकोंबच्या, म्हणजे वुडवूलऐवजी लावतात त्या पोळ्यासारख्या जाळीच्या, भोकांत पांढरा थर धरतो, हवा अडते, आणि लोक म्हणतात पंखा कमजोर झाला. दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पाणी भरलं तर हनीकोंब टिकतं. वुडवूल दर उन्हाळ्यात फेकायचंच असतं, त्यामुळे त्याला हे दुखणं नाही.

कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्याचं कारण बहुतेकदा पंप असतो. वायंडिंगचं इन्सुलेशन गेलं की करंट टाकीच्या पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. अर्थिंग नसेल, दोन पिनांचा प्लग असेल, फरशी ओली आणि पाय अनवाणी असतील, तर करंटला वाट मिळते. इथे एमसीबीच्या, म्हणजे जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचच्या, भरवशावर राहू नये. तो 6 किंवा 16 अँपिअरचा असतो, माणसाचा जीव मात्र 100 मिलिअँपिअरच्या आतही जातो. करंट जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, आणि पाणी भरताना प्लगच काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.

राहिला डास. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीलगत भिंतीला चिकटतात, सुकली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा टाकी घासावी लागते. पावसाळ्यात बंद पडलेल्या कूलरच्या तळाशी उरलेलं पाणी सगळ्यात वाईट.

आता एसी. पाणी भरायला नको, डास नाहीत, जुलैतही चालतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने खोलीतून सुमारे 5.3 किलोवॅट उष्णता उपसतो, त्यासाठी दीड किलोवॅटच्या आसपास वीज खातो, आणि दोन्हींची बेरीज बाहेर फेकतो. रात्रभरात 10 युनिट जळाली असं धरू. औष्णिक केंद्रात युनिटमागे साधारण 0.7 किलो कोळसा, म्हणजे 7 किलो, आणि आपल्या कोळशात राख 35-40 टक्के. गारवा बेडरूममध्ये, राख नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांच्या बाजूला. वीजकेंद्रालाही पाणी लागतंच. कोराडीला शहरातल्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी देतात, ही नागपूरची खरोखर चांगली गोष्ट.

एसीत फिरून गारवा देणाऱ्या गॅसची कथाही अशीच. आर-22 ओझोनला घातक म्हणून हटवला, त्याच्या जागी आलेला आर-410ए ओझोनला काही करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात त्याच्यापेक्षा वरचढ निघाला. आता आर-32 आलाय. तो बराच बरा, पण जरा ज्वलनशील.

खरी गोची इमारतीत आहे. महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या जाड भिंतींच्या, कवेलूंच्या (कौलांच्या) घरात हवा आरपार जायची. कूलरला तेच हवं असतं: तो खिडकीबाहेर, आणि समोरच्या बाजूला हवा निघायला निदान साडेतीन-चार चौरस फूट उघडी जागा. नव्या फ्लॅटची आखणी एसी गृहीत धरून होते. समोरासमोर खिडक्या नाहीत, कूलर ठेवायला जागा नाही, वर दिवसभर तापून रात्री उष्णता सोडणारा स्लॅब. म्हणजे ज्याला एसी परवडत नाही त्याच्या हातून त्याचा स्वस्त उपायही गेला. भाडेकरूला तर विचारतंच कोण!

शिवाय सगळ्यांच्या एसीचे आउटडोअर, म्हणजे गरम हवा फेकणारे बाहेरचे भाग, इमारतीतल्या एकाच अरुंद उभ्या पोकळीत (शाफ्टमध्ये). खालच्या मजल्याने टाकलेली गरम हवा वरचा ओढतो, त्याच्या कंप्रेसरवर दाब चढतो, बिल वाढतं, आणि ऐन दुपारी एसी ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो. बहुतेक वेळा गॅस कमी झालेलाच नसतो.

आउटडोअर गच्चीवर किंवा मोकळ्या बाजूला हलवावेत. त्यांच्या गरम हवा फेकणाऱ्या तोंडासमोर भिंत नको. आतल्या आणि बाहेरच्या भागाला जोडणारा तांब्याचा पाइप कंपनीने दिलेल्या लांबीच्या आत राहिला पाहिजे, जास्तीच्या प्रत्येक मीटरमागे गॅस वजन करून घालावा लागतो, आणि थोडी क्षमता घटतेच. गच्चीला एप्रिल लागायच्या आत चुन्याचे दोन हात द्यावेत; सगळ्यात वरच्या मजल्यावर त्याचा फरक पहिल्याच रात्री कळतो.