तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या घरकामात स्वेटरचे नमुने कधी आखता?

लग्नकार्यात, बेळगावच्या गणपत गल्लीत लोकर घेताना, धाकट्याच्या शाळेच्या फाटकाशी, कुठेही ओळखीचं कुणी भेटलं की आधी तब्येतीची चौकशी होते आणि मग हा प्रश्न येतो. "घरात सहा माणसं, सासू-सासरे वयस्कर, दोन पोरं. आणि तू हे नमुने कधी आखतीस गं? वेळ कुठून काढतीस?" परवा निपाणीच्या एका ताईंनी फोनवर हेच विचारलं. कुकर लावलेला होता, धाकटा अंघोळीला जायला तयार नव्हता, म्हणून "सावकाश सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. आता सांगते.

आधी काम काय ते. मी स्वेटर विणून विकत नाही, दुसऱ्या बायकांना विणता यावा म्हणून आखून देते. किती टाके घालायचे, कितव्या सुईला मुंढा पाडायचा, गळ्याला किती टाके बंद करायचे, वेलबुट्टी कुठे बसवायची, हे सगळं चार पानांत असं लिहायचं की मी समोर नसताना तिला ते करता आलं पाहिजे. (आमच्याकडे ओळीला सुईच म्हणतात. पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट.) दहा महिन्यांच्या बाळासाठी एक आकडा, दोन वर्षांच्या पोरीसाठी दुसरा, चार वर्षांच्या पोरासाठी तिसरा. विणण्यापेक्षा यात हिशेबच जास्त.

वेळ मी काढतच नाही. चार वर्षं काढायचा प्रयत्न केला. दुपारी दोन ते चार "माझी" म्हणून ठरवली, आणि त्या दोन तासांत काय काय आलं याची यादी करायला बसले तर पान पुरणार नाही. मग उलटं केलं. नमुनाच असा आखायला लागले की हाक आली तर खाली ठेवता येईल आणि परत उचलला की कुठे होते ते कापडच सांगेल. माझ्या नमुन्यांमध्ये काही चांगलं असेल तर ते यातून आलंय, असं मला मनापासून वाटतं. कारण ज्या बायका ते विणणार आहेत त्यांच्याही घरात कुकर आहे, पोरं आहेत, दारावरची बेल आहे.

याची सुरुवात एका शालीपासून झाली. 240 टाक्यांची शाल आखली होती, सुंदर होती. माझ्या हाताला मिनिटाला तीसेक टाके होतात, म्हणजे एक सुई आठ मिनिटांची. आणि सुईच्या मध्यावर विणकाम ठेवलं की टाके घसरतात, जाळीची वीण असेल तर कुठला टाका ओढायचा होता ते आठवत नाही. त्या शालीपायी दोनदा दूध उतू गेलं, आणि एकदा सासरे दारात गोळी मागत उभे होते आणि मी "थांबा, थांबा" म्हणत होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. शाल उसवली आणि 80-80 टाक्यांच्या तीन पट्ट्या केल्या, शेवटी जोडायच्या. आता सुई तीन मिनिटांच्या आत संपते. घरात सगळ्यांना एक वाक्य पाठ झालंय: "सुई संपवून आले." धाकटासुद्धा तेवढं थांबतो.

तेव्हापासून जाळीची किंवा वेणीची वीण असेल तर मागच्या बाजूची सुई मी नुसती उलट ठेवते, तिच्यात काही लक्षात ठेवायचं नाही. वेणी दर आठ सुयांनीच वळते, म्हणजे मागच्या वळणापासून सुया मोजल्या की कळतं. दर दहा सुयांना लाल धाग्याचा तुकडा अडकवा, असं मी पहिल्याच पानावर लिहिते. आणि तीन टाके एकत्र विणायला सांगत नाही. ते माझ्या सासूबाईंमुळे. मी त्यांना आत्ती म्हणते. त्यांच्या बोटांच्या पेरांना सूज असते, तरी विणतात. तीन टाके एकत्र घ्यायला सुई नेटाने खुपसावी लागते, ती त्यांना दुखते. नवीन नमुना आधी त्यांच्या हातात देते. त्यांनी न बोलता बाजूला ठेवला की मला समजतं.

हिशेबाचं मात्र वेगळं. ते तुकड्या-तुकड्याने होत नाही, त्याला डोकं सलग लागतं. ते मी पहाटे करते. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस माहीत असतो, वेळ माहीत नसते. साडेचारला उठून जिन्यात वही घेऊन बसायचं, एक कान नळाकडे. हंडे भरून होईपर्यंत एक माप सुटतं. आषाढात मंगाईदेवीच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा आठवडाभर वही उघडतसुद्धा नाही.

एका स्वेटरचा हिशेब सविस्तर सांगते, म्हणजे काय म्हणते ते कळेल.

शेजारच्या अक्का मूळच्या धारवाडकडच्या, घरात कन्नड. त्यांच्या आईची एक इरकल साडी आहे, तिच्या पदरावर कसुतीचं, म्हणजे धारवाडकडच्या भरतकामाचं, तुळशीवृंदावन आहे. कसुतीत कापडाचे धागे मोजून टाके घालतात, गाठ कुठेच मारत नाहीत. त्यातल्या गवंती नावाच्या टाक्यात तर एक धाग्याआड जायचं आणि त्याच वाटेने रिकाम्या जागा भरत परत यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. ते वृंदावन पोरीच्या स्वेटरवर आणायचं माझ्या मनात होतं. धागे मोजून काढलेलं आहे म्हणजे चौकटीच्या कागदावर उतरेल, मग विणायला काय अवघड, असं वाटलं. 11 चौकटी रुंद, 11 चौकटी उंच. विणून पाहिलं तर वृंदावन बसकं झालं, वरून कुणी दाबल्यासारखं.

विणकामातला टाका चौकोनी नसतो, हे मला माहीत होतं, पण हातात दिसलं तेव्हा समजलं. 8 नंबरच्या सुईवर मी विणलेल्या तुकड्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके आले आणि 30 सुया. म्हणजे 11 टाके 5 सेंटिमीटर होतात, पण 11 सुया पावणेचारसुद्धा भरत नाहीत.

मी तो तुकडा धरून बसले होते. सासरे पलीकडे पेपर वाचत होते. त्यांचं आयुष्य वडगावात मागावर गेलं, साड्यांचे काठ विणण्यात. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "कागद चुकीचा घेतलीस." काठाचं चित्र ते चौकोनी चौकटींच्या कागदावर काढतच नसत. ताण्याचे उभे धागे इंचाला किती, बाण्याचे आडवे किती, त्याप्रमाणे चौकट लांबट किंवा आडवी घ्यायची. मग कागदावर दिसतं तसंच कापडावर दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन मला कागद आखून दिला: चौकट साडेसात मिलिमीटर रुंद, साडेपाच उंच. त्यांचा हात थरथरतो, पण रेघ सरळ आली. मी तो कागद जपून ठेवलाय, त्याच्या झेरॉक्स वापरते.

त्या कागदावर वृंदावन 15 सुयांचं झालं. चार सुया वाढवायच्या होत्या, त्या कुठे? सगळीकडे वाटून पाहिल्या तर पायऱ्यांचा डौल गेला. शेवटी दोन खालच्या चौथऱ्याला दिल्या आणि दोन तुळशीच्या खोडाला. अक्कांना दाखवलं. त्या म्हणाल्या, तुळस जरा उंच झाली तर चांगलंच आहे की.

मग माप. दोन वर्षांच्या पोरीची छाती साधारण 53 सेंटिमीटर. आत फ्रॉक असतो, म्हणून स्वेटर 58-59 चा हवा. पुढचा भाग निम्मा, साडेएकोणतीस. दोन वृंदावनांत एक टाका सोडला की पाच वृंदावनं 60 टाक्यांत बसतात, दोन्ही कडा सारख्या दिसायला एक टाका आणि शिवणीचे दोन धरून 63. स्वेटर होतो 55 चा. म्हणजे तंग, पोरगी हात वर करायची नाही. सहा वृंदावनं घेतली तर 66 च्या पुढे, म्हणजे झगाच. तीन पहाटा यात गेल्या. उत्तर साधं निघालं: मधे एकाऐवजी दोन टाके सोडायचे. पाच वेळा 13 म्हणजे 65, शिवणीचे दोन, एकूण 67. स्वेटर बरोबर 59. ते सुटलं तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं आणि पहिला हंडा भरून वाहत होता.

मागच्या बाजूला रंगीत लोकरीचे आडवे धागे राहतात, त्यांत पोरांची बोटं अडकतात. म्हणून चार टाक्यांपेक्षा लांब धागा सोडायचा नाही, मधे गुंतवून घ्यायचा. रंगीत पट्टा घट्ट येतो, तेवढ्यापुरती 7 नंबरची, म्हणजे जरा जाड सुई. आणि सबंध स्वेटरात लक्ष देऊन विणायच्या सुया फक्त या पंधरा, बाकीचा साधा. पंधरा सुया कुठलीही बाई पोरं झोपल्यावर दोन रात्रींत विणेल, उरलेलं भाजी शिजताना होतं.

लोकर कुठली, हेही विचारतात. आमच्या भागात धनगर-कुरुबांची मेंढरं आहेत, पण ती लोकर जाडीभरडी, घोंगडीची. लेकराच्या अंगाला टोचते. स्वेटरची लोकर लुधियानाहूनच येते. पावसाळ्यात मात्र बेळगावची हवा लक्षात ठेवा. नमुन्याचा तुकडा धुऊन वाळवल्याशिवाय मोजायचा नाही, आणि जुलैमध्ये तो वाळायला तीन-तीन दिवस लागतात. घाईने ओला मोजला की पुढचं सगळं चुकतं.

माझ्या एका चुकीबद्दल सांगितलं नाही तर हे उत्तर अर्धं राहील. याच स्वेटरची पक्की प्रत करत होते तेव्हा थोरलीला ताप होता. मी तिच्या उशाशी बसून मोबाइलवर लिहीत होते आणि आमचे हे वहीतले आकडे वाचून सांगत होते. फौंड्रीतून नुकतेच आलेले, तेही दमलेले. पाठीच्या टाक्यांना ते म्हणाले सदुसष्ट. मी लिहिलं 76. पाठीचा भाग पूर्ण साधा, त्यात वृंदावन नाही, म्हणून विणताना कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. चिकोडीच्या एका बाईंनी नातीसाठी विणायला घेतला. शंभर सुया, म्हणजे साडेसात हजारांवर टाके. शिवायला बसल्या तेव्हा पाठ चार सेंटिमीटर रुंद निघाली. त्यांनी फोन केला तो "माझंच काहीतरी चुकलंय का हो?" असं विचारायला. ते ऐकून मला रडू आलं. त्यांच्याकडून लोकर मागवून घेतली आणि नऊ रात्रींत पाठ विणून पाठवली. नातीचा वाढदिवस चुकला नाही.

अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्यात असं होणार नाही, आम्ही आधी साठ म्हणतो, मग सात: अरवत्तेळु. खरंच आहे. मराठीत आधी सात येतो आणि मग साठ, ऐकता ऐकता लिहायला गेलं की हात आधी सात लिहितो. तेव्हापासून आकडा कुणी वाचून सांगायचा तर सुटा सांगायचा: सहा, सात. लिहिताना अंकात आणि अक्षरात, दोन्ही. आणि माझ्याकडे मराठी वाचणाऱ्या आणि कन्नड वाचणाऱ्या अशा दोन्ही बायका येतात, म्हणून वृंदावनाचं चित्र चौकटींतच देते, शेजारी शब्द नाहीत. भरलेली चौकट म्हणजे लाल, रिकामी म्हणजे पांढरी. अक्का सुनेला त्याच कागदावरून शिकवतात, मी माझ्या लेकीला त्याच कागदावरून. प्रत बाहेर जायच्या आधी आता थोरली वही आणि प्रत शेजारी ठेवून प्रत्येक आकड्यावर टिंब करते. तिला ते काम आवडतं, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे.

पैसे किती मिळतात, हाही प्रश्न असतोच. लोकरीचा खर्च निघतो, थोरलीच्या शिकवणीची फी निघते. 

सध्या अक्कांच्या त्याच पदरावरचा रथ घेतलाय. तो 41 टाके रुंद आहे, सासऱ्यांच्या कागदावर 56 सुया उंच झाला. आज पाणी यायचा दिवस होता. शिवणीचे दोन सोडून 65 मधून 41 गेले, 24 उरले, म्हणजे दोन्ही बाजूंना बारा-बारा. वृंदावन 11 चं, मधे एक टाका सोडायचा. रथाच्या दोन्ही अंगांना एकेक वृंदावन बरोबर बसतं. मागच्या लांब धाग्यांचं कसं करायचं, ते तेवढं अजून सुटलेलं नाही.