रेझ्युमेवर काय लिहू?

आमचं छोटं युनिट आहे, भोसरी एमआयडीसीत. मशीनवर जॉब पकडायची फिक्स्चर आणि एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेली खास मशीन, बनवतो, बहुतेक माल चाकणला जातो. डिझाईनला नऊ जण. दिवाळीनंतर शेठनी सांगून टाकलं की आम्ही ज्यावर ड्रॉइंग काढतो ते ऑटोकॅड सॉफ्टवेअर आता रिन्यू करायचं नाही, स्वस्तातलं एक कॅड बघितलंय, एकदाच पैसे भरायचे नि विषय संपला. शेठचं चुकलं असंही नाही म्हणा. पूर्वी लायसन्स एकदा घेतलं की आपलं, २०१६ मध्ये ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीनी ते कायमचं विकणं बंद केलं आणि तेव्हापासून दरवर्षी भाडं भरत बसायचं. नऊ सीटचं, म्हणजे नऊ लायसन्सचं, भाडं म्हणजे गंमत नाही.

सगळ्यांना नव्या कॅडवर आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

डेमोला आलेला पोरगा म्हणाला, सर सगळ्या कमांड सेम, डीडब्ल्यूजी डायरेक्ट उघडतं. खोटं नव्हता बोलत. ओपन डिझाईन अलायन्स म्हणून एक संस्था आहे, १९९८ पासून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या फाईलचा फॉरमॅट, उलगडायचं काम करतेय, त्यामुळे असल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आपली फाईल उघडते. पण त्याने डेमोत दाखवलं काय तर कोऱ्या पानावर रेषा मारून. आमच्याकडे कोरं पान घेतो कोण? दहा वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग उचला, सेव्ह ॲज करा, बदला, सोडा.

पहिल्याच आठवड्यात घोळ. कुठली रेषा किती जाड छापायची ते ठरवणारी सीटीबी फाईल नीट बसली नव्हती, ए१ ची प्रिंट खाली गेली नि मशीनवरचा माणूस कागद घेऊन वर आला, साहेब यात सेंटर लाईन कुठली आणि कडा कुठली? सगळ्या रेषा एकाच जाडीच्या. ते एका दुपारीत निस्तरलं.

काकांचं नाही निस्तरलं. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, आयटीआय झालेले, डावा हात कीबोर्डवर असतो आणि ते तिकडे बघतसुद्धा नाहीत. ड्रॉइंगवर पार्टच्या नंबराचा बलून टाकला की बीओएममध्ये, म्हणजे पार्टच्या यादीत, आपोआप ओळ पडायची, अशी एक लिस्प फाईल, म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, कुणीतरी फार पूर्वी लिहून गेलेला. नव्या कॅडमध्ये लिस्प चालतं, पण ती फाईल ऑटोकॅडच्या आत जिथं जिथं हात घालायची ते इथं नाहीच, मग अर्ध्या तासाच्या कामाला अर्धा दिवस. काका भांडले नाहीत, 'करतो हळूहळू' एवढंच म्हणाले. शेठ म्हणे, वय झालं, नवीन शिकायला नको असतं. मला रागच आला, अहो हा माणूस ड्रॉइंग बोर्डवरून कॉम्प्युटरवर आलाय, त्याला शिकण्याचं काय सांगता!

ऑटोकॅडची एक जुनी सीट आम्ही 'इमर्जन्सी'साठी ठेवली होती. महिन्याभरात सगळ्यांचीच सगळी कामं इमर्जन्सी झाली. सकाळी साडेनऊला तिथं नंबर लागायचे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात पुढे काका नाहीत, दोन वर्षांचा अनुभव असलेली पोरंपोरी. मला वाटलेलं तरुण मुलं पटकन सरावतील. सरावली होतीच की, कामही होत होतं, तरी नंबर लावायची.

शेवटी चहाच्या टपरीवर आमच्या एका ज्युनियर मुलीला विचारलं, अगं तुला अडतंय कुठं?

"अडत नाही सर. पण जाहिरातीत ऑटोकॅड लिहितात, ह्याचं नाव कुणीच लिहीत नाही. उद्या इथून बाहेर पडले तर रेझ्युमेवर काय लिहू?"

काय बोलणार? ट्रेनिंग, मॅन्युअल, शॉर्टकटचा छापील कागद, सगळं वाटून झालं होतं माझं, आणि यातलं एकही ह्या प्रश्नाला लागू नव्हतं. पैसे शेठचे वाचतायत नि किंमत हिच्या पुढच्या नोकरीतून जातेय, हे तिला कळलेलं, माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

काकांची लिस्प बाहेरून नव्याने लिहून घेतली, बरी चालते. शेठशी वाद घालून ऑटोकॅडच्या तीन सीट ठेवल्या, कस्टमरला तसंच लागतं असं कारण सांगून, जे अर्धं खरं आहे. त्यातली एक आठवड्यातले दोन दिवस त्या मुलीला देतो, काम असो नसो. हे शेठना सांगितलेलं नाही.