रंगभूषा : आंटी

गणपतीत आमच्या मंडळाचे कार्यक्रम ठरलेले असत. पाककला, संगीत खुर्ची, बायकांचं हळदीकुंकू, आणि विसर्जनाच्या एक-दोन रात्री आधी मुलांचं नाटुकलं. माझगावातल्या चाळीचं मंडळ, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. वर्गणी जमायची बेताची. लाउडस्पीकर उधारीवर आणि पडदा कुणाच्या तरी लग्नातला. रंगभूषा मात्र एकदम अव्वल आणि तीही फुकट, कारण ती आंटी करायची.

आंटी चिनी. नाक्यावर तिचं पार्लर होतं: दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, हेअर ड्रायर. तेव्हाच्या मुंबईत चिनी माणूस म्हणजे एक तर दाताचा डॉक्टर, नाहीतर बूटवाला, नाहीतर पार्लरवाली, नाहीतर सायकलच्या कॅरियरवर सिल्कचे तागे बांधून भर दुपारी जिने चढणारा फेरीवाला. शुक्लाजी स्ट्रीटच्या बाजूला त्यांची बरीच वस्ती होती. आमच्याकडची घरं गोदी आणि बोटींमुळे आलेली. आंटीची आई, म्हणजे पोपो, तिच्याच घरी राहायची. मुलगी माझ्या बरोबरीची. आम्ही दोघी एकाच जिन्यावर वाढलो.

नाटुकल्याच्या दिवशी आंटी पार्लर लवकर बंद करायची आणि पत्र्याची पेटी घेऊन मंडपामागच्या खोलीत यायची. पेटीत पॅनकेकच्या डब्या, लाली, यू-पिनांचा पुडा, दोन गंगावनं आणि मिशा चिकटवायची स्पिरिट गमची बाटली. आम्ही परकर-पोलक्यात ओळीनं बसायचो. तिच्या बोटांना तिच्या त्या क्रीमचा आणि किंचित स्पिरिटचा वास असायचा. हनुवटी दोन बोटांत धरून ती चेहरा दिव्याकडे वळवायची आणि तोंडातल्या पिना न काढताच बोलायची, "हलू नको. हललीस तर शिवाजीची मिशी नाकात जाईल." तिचं मराठी मासळीबाजारात शिकलेलं, त्यामुळे एकदम खणखणीत. जिजाबाईचा अंबाडा तिनं बांधला की तिसऱ्या अंकापर्यंत केस हलत नसे. चाळीतल्या काकूंनी बांधलेले अंबाडे पहिल्याच प्रवेशात मानेवर यायचे, हे काकूही मान्य करत.

पोपो पुढच्या रांगेत, कठड्याला लागून बसायची. काळा पायजमा, वर गळाबंद सदरा, हातात पंखा. मराठी तिला येत नसे. बाजारापुरती हिंदी यायची, तीही तिच्या पद्धतीची. शेंगदाणे मात्र ती मनापासून खायची. मोदकांच्या दिवशी बायका तिला मुद्दाम बोलवायच्या, कारण उकडीच्या पारीला तिच्यासारख्या बारीक, एकसारख्या कळ्या आमच्या मजल्यावर कुणालाच जमत नव्हत्या. सारण तेवढं तिला पसंत नव्हतं. गूळ-खोबरं तोंडात टाकून ती मान हलवायची आणि पुढचा मोदक वळायला घ्यायची.

एका वर्षी आम्ही डॉक्टर कोटणीस केले. 1976 मध्ये भारत आणि चीननं एकमेकांकडे पुन्हा राजदूत पाठवले, त्याच्या पुढच्याच गणपतीतली गोष्ट. त्याआधी हा विषय कमिटीत कुणी काढला असता असं वाटत नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा केली, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि 1942 च्या डिसेंबरात तिथेच वारले. एवढं आमच्या मास्तरांनी पाच प्रवेशांत बसवलं होतं. नर्सचं काम अर्थातच आंटीच्या मुलीला, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. ती साफ नाही म्हणाली. तिला कोटणीसांची आई व्हायचं होतं, कारण त्यात नऊवारी होती, नथ होती आणि रडायला वाव होता. मास्तरांनी बरंच समजावलं, शेवटी हात टेकले. मग नर्स झाले मी.

आंटी यायच्या आत एका हौशी काकूंनी माझ्या डोळ्यांना काजळ लावून ते पार कानशिलापर्यंत ओढून ठेवलं होतं. कोटणीसांच्या चिनी सहकाऱ्यांना सुतळीसारख्या मिशा काढल्या होत्या. आंटी आली, पेटी ठेवली, आमच्याकडे बघितलं. कुणाला काही बोलली नाही. खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस घेतला आणि एकेकाचं तोंड पुसून काढलं. माझ्यापाशी आल्यावर एवढंच म्हणाली, "डोळे ओढायला लागत नाहीत गं. नीट उभी राहा, हळू बोल, झालं." मग माझे केस कानापर्यंत आत दुमडून पिना लावल्या, आणि घरून आणलेला पोपोचा निळा सुती सदरा मला चढवला. बाह्या हातभर लांब होत्या, त्या तिनं तिथल्या तिथे टाके घालून आखूड केल्या.

प्रवेश चालू झाला. सोलापूरचं घर, आई मुलाला निरोप देतेय. नऊवारीतली माझी मैत्रीण खरोखरच झकास रडत होती. पोपोनं शेजारच्या आजोबांना विचारलं, ते माईकमध्येही आलं: "बेटा किधर जाता?" आजोबा म्हणाले, "चीन." पोपो उभीच राहिली. पंखा नातीच्या दिशेनं हलवत ओरडली, "उधर नहीं भेजो! उधर लड़ाई है!"

मंडप हसून हसून लोळला. कोटणीस झालेला मुलगाही हसला. मैत्रिणीनं मात्र धीर सोडला नाही, पोपोकडे बघूनच पुढचं वाक्य म्हटलं. विंगेत आंटी पिनांचा पुडा हातात घेऊन उभी होती. ती हसली नाही.

नंतर चेहरे पुसताना तिनं सांगितलं. पोपो आली तीही 1938 मध्येच. कँटनवर जपानी विमानं बाँब टाकत होती. नवरा बोटीवर खलाशी, त्याचं बिऱ्हाड मुंबईत. तीन वर्षांच्या आंटीला कडेवर घेऊन ती आधी हाँगकाँगला आणि तिथून बोटीनं इकडे आली. लढाई मागे टाकली म्हणावं, तर 1944 च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याची बोट फुटली आणि घराच्या सगळ्या काचा अंगावर आल्या. आंटी हे सांगत होती ते कापसावर तेल घेत घेत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

1962 च्या भारत-चीन युद्धाबद्दल ती त्या रात्रीही बोलली नाही. पार्लरच्या पाटीवरची चिनी अक्षरं तेव्हा पुसली गेली होती, ती परत आलीच नाहीत, एवढं माझ्या आईनं सांगितलं. राजस्थानात देवळीच्या छावणीत हजारो चिनी माणसं डांबली गेली, त्यांतली बहुतेक आसाम-बंगालकडची. मुंबईतल्यांना पोलिसांत नोंदणी आणि शहराबाहेर जायला परवाना. मंडळाची सहल दर डिसेंबरात कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जायची. आंटी दरवर्षी म्हणायची, पार्लर बंद ठेवून चालत नाही. आम्हाला ते खरंच वाटायचं, कारण गिऱ्हाइकं तिच्याकडे रविवारीसुद्धा असत.

तिच्या वर्षाचा सण वेगळा होता. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष आलं की नवाब टँक रोडवरच्या चिनी मंदिरात आम्हा पोरांना नेण्यात यायचं. 1919 पासूनचं ते देऊळ, क्वान कुंगचं. लालभडक चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती, शब्दाला जागणारा म्हणून पुजला जाणारा. उदबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत. पोपो बांबूच्या नळीतल्या काड्या खळखळ हलवायची, एक काडी खाली पडेपर्यंत. तिच्यावरच्या आकड्याप्रमाणे वर्षाचं भविष्य. आम्हाला संत्री आणि लाल पाकिटात करकरीत रुपया. माझी आजी एकदा सोबत आली होती. तिनं चप्पल काढली, हात जोडले आणि बाहेर येऊन विचारलं, यांना नैवेद्याला कोंबडी कशी चालते? आंटी म्हणाली, "सेनापती आहे ना!" आजीला पटलं.

पोपो गेली ती ऐंशीच्या दशकात, पावसाळ्यात. अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत न्यायला मंडळाची पोरं टेम्पो घेऊन आली, तोच, ज्यातून गणपती यायचा. पुढे काही वर्षांनी आंटी मुलीकडे टोरोंटोला गेली. मुंबई-कोलकात्यातले कितीतरी चिनी तोपर्यंत तिकडे पोचले होते. फोनवर ती हमखास विचारायची, यंदा कुठलं नाटक, आणि मेकअप कोण करतंय. गेल्या हिवाळ्यात आंटी गेल्याचं मैत्रिणीनं कळवलं.

मंडळाची स्मरणिका निघायची होती. जुन्या कार्यक्रमांची यादी माझ्याकडे आली: लेखक, दिग्दर्शक, मंडप, ध्वनी, चहा, सगळ्यांची नावं होती, रंगभूषेपुढे रेघ. सचिवांना म्हटलं, आंटीचं घाला. ते म्हणाले, घालतो, पण आंटीचं नाव काय? जुनी वर्गणीची पावतीपुस्तकं काढली, तर तिथेही वर्षानुवर्षं 'पार्लर आंटी, अकरा रुपये'. शेवटी टोरोंटोला फोन लावला. मैत्रिणीनं नाव सांगितलं, सचिवांनी तीनदा विचारून लिहून घेतलं. इथे ते देत नाही, मैत्रिणीला असलं आवडत नाही. स्मरणिकेत मात्र छापलं आहे, मंडपवाल्याच्या वर, आणि अनुस्वार चुकला म्हणून सचिवांनी साडेतीनशे प्रतींवर पेनानं दुरुस्त केला आहे.