एका शब्दाची बातमी

२४ एप्रिल २०२१ च्या शनिवारी रात्री मी घरूनच परदेशच्या पानाचे काम करत होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेने बहुतेक जागा व्यापली होती आणि जगाच्या वाट्याला अर्धेच पान उरले होते. पान सोडायला तासभर असताना वृत्तसंस्थेची बातमी आली : १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या आधीच्या राजवटीत, आर्मेनियनांचे जे झाले त्याला अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन यांनी अधिकृत निवेदनात ‘जेनोसाइड’ म्हटले होते. मी घाईने मथळा दिला, ‘आर्मेनियन हत्याकांडाला अमेरिकेची मान्यता’.

पाचच मिनिटांत वृत्तसंपादकांचा फोन आला. “अहो, माणसे मारली गेली हे तुर्की सरकारही नाकारत नाही, त्याला नको आहे तो हा एक शब्द, आणि तोच तुम्ही गाळलात. शिवाय मान्यता कशाला दिली? मारण्याला?”

मी वरमले, कारण त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. हत्याकांड म्हटले की आपल्याला जालियनवाला बाग आठवते : एक जागा, एक दिवस. इथे १९१५ च्या २४ एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमधल्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) आर्मेनियन विचारवंतांना आणि पुढाऱ्यांना अटक झाली, आणि मग गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आली. एक समाजच नाहीसा करण्याचा तो हेतू सांगण्यासाठी पोलिश कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये ‘वंश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ‘जेनोसाइड’ घडवला. म्हणून मी ‘नरसंहार’ही बाजूला ठेवून ‘वंशसंहार’ घेतला. २००८ च्या प्रचारात बराक ओबामांनी हा शब्द वापरण्याचे वचन दिले होते, पण नाटो या लष्करी आघाडीतला मित्र तुर्कस्तान दुखावू नये म्हणून आठ वर्षे तो टाळला. ते आठवल्यावर माझी घाई मला अधिकच लागली.

‘मान्यता’ काढून ‘कबुली’ लिहून पाहिले. पण कबुली ज्याने केले त्याने द्यायची असते, आणि तुर्कस्तानच्या राजधानीहून, अंकाराहून, तर निषेध आला होता. शेवटी मथळा झाला : ‘१९१५ मध्ये आर्मेनियनांचा वंशसंहारच : बायडेन’.

मजकूर आठ ओळींनी जास्त होत होता. उरुग्वे १९६५, फ्रान्स २००१, जर्मनी २०१६ ही आधी मान्य केलेल्या देशांची चौकट मी जड मनाने काढली; वाळवंटाकडच्या वाटेवर मेलेल्यांच्या दोन ओळी मात्र ठेवल्या.